इंदिरानगर की विल्होळी? दोन टू-बीएचकेंचा महिन्याचा हिशेब

नाशिकच्या वेशीबाहेरचा टू-बीएचके परवडतो का, हे दोन गोष्टींवर ठरतं: घरात दुसरी गाडी घ्यावी लागते का, आणि मे महिन्यात पाणी कुठून येतं. दलाल मात्र चौरस फुटाच्या दरापलीकडे जात नाही.

आधी हद्द बघा. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद जाहिरातीत ‘शहराच्या गर्दीपासून दूर’ असले तरी महापालिका हद्दीतच आहेत. तिथे पालिकेची जलवाहिनी त्या कॉलनीपर्यंत आली आहे का, एवढं तपासायचं. विल्होळी, शिंदे, गिरणारे हद्दीबाहेर. घरपट्टी ग्रामपंचायतीची म्हणून हलकी, पण इमारतीला एनएमआरडीएची (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला हवाच. नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बँका कर्जाला नाक मुरडतात.

आता पैसे. समजा शहरातल्या इंदिरानगरला फ्लॅट 56 लाखांचा आणि विल्होळीला तेवढाच मोठा 42 लाखांचा. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे 868 रुपये हप्ता पडतो, म्हणजे 14 लाखांच्या फरकाचे महिन्याला 12,152 रुपये. बांधकाम चालू असेल तर जीएसटीतही मोठा फरक आहे. नाशिकसारख्या बिगर-महानगरात 45 लाखांपर्यंतच्या आणि 90 चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राच्या घराला 1 टक्का, त्याहून महाग किंवा मोठ्या घराला 5 टक्के. विल्होळीला 42 हजार, इंदिरानगरला 2 लाख 80 हजार. खोच अशी की पार्किंग आणि विकास शुल्कही त्या 45 लाखांत मोजतात. बिल्डरने 44 लाखांच्या फ्लॅटला दीड लाखाचं पार्किंग जोडलं की सगळ्या रकमेवर 5 टक्के लागतात. त्यामुळे बुकिंगआधी एकूण आकडा लेखी घ्या.

हप्त्यात वाचणाऱ्या 12 हजारांना पहिली कात्री गाडी लावते. जाऊन-येऊन 24 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, स्कूटरचं अॅव्हरेज 45 आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर सुमारे 1,450 रुपये. लाखाच्या स्कूटरचा तीन वर्षांचा हप्ता सव्वातीन हजारांच्या घरात, वर विमा-सर्व्हिसिंगचे पाचशे. म्हणजे पाच हजार गेले. शाळेच्या बसचे जादा हजार धरले तरी बाहेरचं घर टिकतं. दुसरी गाडी चारचाकी झाली, तर पाच लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ताच साडेदहा हजार. तिथे गणित संपलं. सिटीलिंकवर, म्हणजे शहर बसवर, भिस्त ठेवणार असाल तर मार्ग आहे की नाही यापेक्षा संध्याकाळी सातनंतर किती वेळाने बस येते ते थांब्यावर उभं राहून बघा.

नोकरी अंबडला किंवा गोंद्याला असेल तर मात्र चित्र पालटतं. विल्होळी त्याच वाटेवर आहे. सिन्नरला जाणाऱ्याला शिंदे-पळसे आणि एचएएलच्या विमान कारखान्यात जाणाऱ्याला ओझर तसंच. अशा कुटुंबाने शहरात जास्तीचे 14 लाख घालणं आम्हाला तरी उधळपट्टी वाटते.

पाणी हा खरा कच्चा दुवा. मुकणे धरणाच्या पाणी योजनेचं जलशुद्धीकरण केंद्र विल्होळीतच आहे, पण योजना महापालिकेची. शेजारी राहता म्हणून नळाला पाणी येईलच असं धरू नका. बोअरवेलवाली सोसायटी असेल तर खाली बेसॉल्ट आहे हे विसरू नका. पाणी खडकाच्या भेगांत असतं, म्हणून एका बोअरला लागतं आणि पन्नास फुटांवरची कोरडी जाते. मार्चनंतर धार बारीक होते. 40 फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी रोज 135 लिटर धरले तर 21,600 लिटर लागतात: दहा हजारी दोन टँकर, तेही काटकसरीने. टँकर हजाराला धरला तर घरटी महिन्याला दीड हजार. हे सगळे फ्लॅट भरलेले असतील तेव्हाचं. बोअरचं पाणी जड असेल तर गिझरची कॉइल लवकर जाते, तो खर्च वेगळा.

निम्म्या रिकाम्या इमारतीत लिफ्ट, वॉचमन, जनरेटरचा बोजा मोजक्या घरांवर येतो. बिल्डरने आगाऊ घेतलेला दोन वर्षांचा मेंटेनन्स संपला की ही वाढ दिसते. विजेचा घरगुती दर दोन्हीकडे सारखाच. पाइप गॅस मिळतो का ते इमारतीनुसार विचारावं. भाजी बाहेर ताजी मिळते, किराण्यात फारसा फरक नाही.

विकत घेण्याआधी त्याच सोसायटीत 11 महिन्यांचा भाडेकरार करता आला तर उत्तम, फक्त एप्रिल-मे त्यात आले पाहिजेत. ते जमत नसेल तर सेक्रेटरीकडे मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलं मागा. बिलं नाहीत म्हणाले, तर वॉचमनला विचारा. टँकर किती वाजता येतो ते त्याला तोंडपाठ असतं.