मिकासा व्ही२००डब्ल्यू: मनगटाला ओळखणारा चेंडू

मी व्हॉलीबॉलमध्ये राइट साइडला, म्हणजे जाळीच्या उजव्या बाजूला, खेळते आणि सर्व्हिसवर माझा जीव आहे, त्यामुळे हा अभिप्राय त्या बाजूला झुकलेला असणारच. लिबेरोंनी, म्हणजे फक्त बचावाला असणाऱ्यांनी, आपापलं बघावं.

२०१९पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हाच निळा-पिवळा चेंडू असतो. आधीच्या एमव्हीए२००ला ८ पट्ट्या होत्या, याला १८ आहेत. पृष्ठभागावर बारीक खळगे आणि घामाने हात निसटू नये म्हणून लेप. तिसऱ्या सेटमध्ये तळवे चिंब असतात तेव्हा तो लेप कळतो. टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देणारी सर्व्हिस) मारताना बोटं चेंडूवरून घसरत नाहीत, मनगट वळवलं की चेंडू खरोखर खाली बुडतो. फ्लोट (न फिरता डुलत जाणारी सर्व्हिस) मात्र अर्धवट मारलात तर समोरच्याला आयता पास. लबाडी चालत नाही.

सर्व्हिसचं हे वेड मला इटलीच्या इव्हान झायत्सेवमुळे लागलं. त्याचे वडील व्याचेस्लाव सोव्हिएत संघाचे सेटर (फटक्यासाठी चेंडू उचलून देणारे), १९८० मॉस्कोचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेले. आई इरिना पोझ्दन्याकोवा जलतरणपटू. वडील इटलीत खेळत असताना १९८८मध्ये स्पोलेतोला हा जन्मला आणि पुढे इटलीकडूनच खेळला. सुरुवात बापासारखी सेटर म्हणून, नंतर स्पाइकर, म्हणजे फटके मारणारा. बरं झालं! वडिलांच्या काळी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळायचा, आणि मुलाने सर्व्हिसचंच हत्यार केलं. रिओ २०१६ ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेने तिसरा सेट २५-९ असा चिरडला होता, चौथ्यातही इटली मागे होती. तेव्हा झायत्सेव सर्व्हिसला आला आणि सेट फिरला. पाचवाही इटलीने घेतला, शेवटी रौप्य. अर्थात तो जुना ८ पट्ट्यांचा चेंडू. या १८ पट्ट्यांवर ती सर्व्हिस कशी बसली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हा हॉलमधला चेंडू आहे. मातीच्या किंवा सिमेंटच्या कोर्टावर नेऊ नका, खळगे आणि लेप दोन्ही झिजतील आणि मग एवढ्या चेंडूचा उपयोग काय? तिथे जुना, रबरी काहीही चालतो. दुसरं म्हणजे हवा. नियमात दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे, पण सरावाला पाहावं तर लोक दगडासारखा फुगवून आणतात. मग पास उडतो, हात लाल होतात, आणि दोष चेंडूला! पंपाची सुई आधी ओली करा, गेज लावून मोजा. वजन २६० ते २८० ग्रॅमच असतं, जड वाटला तर बहुतेक वेळा हवा जास्त असते.

सर्व्हिस करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावा. नुसतं चेंडू वर ठेवून गप्पा मारत खेळायचं असेल तर यात पैसे घालू नका.