हातवारे ओळखायला वेबकॅम घ्यावा की मनगटावरचा सेन्सर?

खूण स्थिर आहे की हलती, यावरच निम्मा निर्णय होतो. मूठ, अंगठा वर, दोन बोटं अशा खुणा असतील तर वेबकॅम. हवेत गोल काढणं, मनगट झटकणं असेल तर सेन्सर.

वेबकॅमच्या वाटेने जाताना फोटोंवर थेट न्यूरल नेटवर्क शिकवायच्या फंदात पडू नका. हजारो फोटो लागतात आणि शेवटी ते मागची भिंतच शिकतं. मीडियापाइप (गूगलचं मोफत सॉफ्टवेअर) प्रत्येक हातावर २१ बिंदू देतं: ० म्हणजे मनगट, ४ अंगठ्याचं टोक, ८ तर्जनीचं. आडवे-उभे मिळून ४२ आकडे. पाच-सहा जणांकडून प्रत्येक खुणेचे दीड-दोनशे नमुने घेतले, की रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचा कौल घेणारी पद्धत) साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत शिकतं.

चुकतं ते आकडे तसेच्या तसे वापरल्यामुळे. हे आकडे चौकटीच्या ० ते १ या मापात येतात. म्हणून आधी आडव्याला चित्राच्या रुंदीने आणि उभ्याला उंचीने गुणा, नाहीतर ६४० बाय ४८० च्या चित्रात आडवा हात आखूड दिसतो. मग प्रत्येक बिंदूतून मनगट वजा करा आणि ० ते ९ (मधल्या बोटाचं मूळ) या अंतराने भागा. हे टाळलं तर मधोमध धरलेली मूठ ओळखली जाते, कोपऱ्यातली नाही. ओपनसीव्ही (कॅमेऱ्यातून चित्र घेणारी लायब्ररी) वापरलं तर चित्र निळा-हिरवा-लाल या क्रमाने येतं. मीडियापाइपला देण्याआधी तो उलटवायला विसरू नका. पाठीमागे उजेडाची खिडकी असेल तर बिंदू नाचतात. एक हात दुसऱ्यावर आला तरी तेच, आणि भारतीय सांकेतिक भाषेतली बरीचशी इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांचीच असतात.

मनगटावरच्या सेन्सरसाठी एमपीयू-६०५० हे हालचाल मोजणारं छोटं मॉड्यूल घ्या. त्याला अंधाराचं सोयरसुतक नाही. सेकंदाला ५० वेळा, दोन सेकंद, सहा अक्ष (त्वरणाचे तीन, फिरण्याचे तीन): एका खुणेचे ६०० आकडे. पण बोटांच्या बाबतीत तो ठार आंधळा. मूठ आणि उघडा पंजा त्याला सारखेच. मुळातली मर्यादा ±२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट) असते, त्यात जोरदार झटक्याचा आलेख वर सपाट कापला जातो. ती ±८ जी करा. पट्टा मनगटावर फिरला की अक्षही फिरतात, म्हणून मॉड्यूल घट्ट बांधा आणि नुसत्या खोचलेल्या जंपर वायरींऐवजी जोड सोल्डर करा. ‘काहीच नाही’ हा वर्गही शिकवा: कप उचलणं, केस सावरणं, टायपिंग. नाहीतर खुणेने लावायचे दिवे चहा पितानाच लागतील.

फ्लेक्स सेन्सरचा (वाकणं मोजणाऱ्या पट्ट्यांचा) हातमोजा बोटं वाचतो, पण हात बदलला की पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे मापं नव्याने जुळवणं. रडारचा मोह सोडा. हातवारे ओळखणारं रडार असलेला गूगलचा २०१९ चा फोन पिक्सेल ४ त्या रडारच्या ६० गिगाहर्ट्झ लहरींमुळे भारतात आलाच नव्हता.

काहीही निवडा, तपासताना एका माणसाचे सगळे नमुने बाजूला ठेवा. एकाच व्हिडिओतल्या शेजारच्या फ्रेम शिकवण्यात आणि तपासण्यात अशा दोन्हीकडे वाटल्या, तर ९९ टक्के अचूकता कुणालाही मिळते.