टास्क-आधारित भाषावर्गात तंत्रज्ञान: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय गळलं

टास्क म्हणजे भाषा वापरूनच पुरं करायचं, शेवटी काहीतरी हाती देणारं काम. टास्कच्या आधारे भाषा शिकवायची म्हटलं की ॲपची यादी भराभर वाढत जाते. काही महिने नियमित वापर झाल्यावर यादीत चारच गोष्टी उरल्या: शेअर केलेलं डॉक्युमेंट, व्हिडिओ कॉलमधल्या ब्रेकआउट रूम (छोट्या गटांसाठीच्या वेगळ्या खोल्या), लेखी चॅट आणि फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर. त्यातही सगळ्यांत मोलाचा रेकॉर्डर. टास्क चालू असताना तंत्रज्ञान जितकं कमी आड येईल तितकं बरं. त्याची खरी कमाई टास्क संपल्यावर सुरू होते.

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी टास्कमधून इंग्रजी शिकवण्याच्या बंगळुरूच्या प्रकल्पात (१९७९ ते १९८४) टास्कचे तीन प्रकार मांडले: माहितीची तफावत, तर्काची तफावत (दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणं) आणि मताची तफावत (स्वतःचं मत मांडणं). पहिल्या प्रकारात जोडीतल्या प्रत्येकाकडे अर्धीच माहिती असते, त्यामुळे बोलल्याशिवाय काम पुरं होत नाही. ऑनलाइन वर्गात ही तफावत चटकन बुजते. समजा, दोघांकडे आठवड्याची वेगवेगळी वेळापत्रकं आहेत आणि दोघांनाही मोकळा असलेला सलग दीड तास शोधायचा आहे. एकानं स्क्रीन शेअर केली की ‘हे बघ, इथे’ एवढ्यावर टास्क संपतो. म्हणून स्क्रीन शेअर करायची नाही हे आधीच ठरवावं आणि ‘अ’ व ‘ब’ फाइलच्या लिंक ज्याच्या त्याला खासगी मेसेजनं पाठवाव्यात. मजकूर कॉपी होऊ नये म्हणून चित्र द्यावं, तर फोन चित्रातल्या मजकुराचंही भाषांतर करून देतो. त्यापेक्षा एकाची माहिती पाऊण मिनिटाच्या व्हॉइस क्लिपमध्ये द्यावी. ती ऐकावी लागते, टिपून घ्यावी लागते आणि मग जोडीदाराला सांगावी लागते.

सूचनांचा घोळ हमखास होतो. ब्रेकआउट रूममध्ये गेल्यावर मुख्य खोलीतली स्लाइड दिसत नाही आणि पहिली दोन मिनिटं ‘नक्की काय करायचंय?’ यातच जातात. डॉक्युमेंटच्या अगदी वर तीन ओळी हव्यात: शेवटी हातात काय हवं, वेळ किती, वर्गाला कोण सांगणार. साधारण आठ मिनिटं टास्क, पाच मिनिटं निवेदनाची तयारी आणि प्रत्येक जोडीला मिनिटभर निवेदन, हे गणित बरं जमतं. तयारीची पाच मिनिटं मात्र कापू नयेत. चारचौघांसमोर सांगायचं आहे म्हटल्यावरच विद्यार्थी वाक्यं घासूनपुसून घेतात.

ही तयारी शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये करून घ्यावी, पण एका डॉक्युमेंटवर दोघंच. चौघं असले की एक टाइप करतो आणि तिघं बघत बसतात. व्हर्जन हिस्टरी, म्हणजे डॉक्युमेंटमधल्या बदलांची नोंद, उघडून पाहणं शिक्षकानं अंगवळणी पाडून घ्यावं. शब्द कुठे बदलला, कुठे परत आणला, हे तिथे दिसतं. अख्खा परिच्छेद एका क्षणात अवतरला असेल, तर तो बहुधा दुसरीकडून आलेला असतो.

आता रेकॉर्डर. टास्कची शेवटची तीन मिनिटं रेकॉर्ड करायची. फोन दोघांच्या मधोमध, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. भिंतीकडे सरकवला की शेजारच्या जोडीचाच आवाज जास्त येतो. नंतर प्रत्येकानं आपल्याच बोलण्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडून हातानं उतरवून काढायचा. त्याला दहा मिनिटं सहज लागतात, पण ती कारणी लागतात. हे काम आपोआप ट्रान्सक्रिप्ट करणाऱ्या सोयीवर सोपवू नये. मराठी शिकणारा ‘माझा किल्ली हरवला’ म्हणतो आणि पडद्यावर अनेकदा ‘माझी किल्ली हरवली’ उमटतं, कारण ही यंत्रणा जास्त संभवणारी शब्दरचना निवडते. जी चूक पकडायची, तीच गायब! हातानं उतरवताना ‘माझा’पाशी विद्यार्थी स्वतःच थबकतो. त्यानंतर तोच टास्क नव्या जोडीदाराबरोबर पुन्हा करून घ्यावा. ही दुसरी फेरी वगळली, तर रेकॉर्डिंगची मेहनत निम्मी वाया जाते. टर्म संपली की सगळ्या फाइल पुसून टाकाव्यात आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

लेखी चॅट बुजऱ्या विद्यार्थ्यांना मोकळं करतं. विचाराला उसंत मिळते, आधीचं वाक्य समोर राहतं. अडचण एकच: पहिल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत दुसरा प्रश्न येऊन पडलेला असतो आणि संवादाची गुंतागुंत होते. एका वेळी एकच प्रश्न, एवढा नियम पुरतो.

गुणांच्या शर्यतीच्या क्विझ टास्कची जागा घेऊ शकत नाहीत. उत्तर ठरलेलं असतं, वाटाघाट नसते. टास्कआधी पाच मिनिटं शब्द उजळायला ठीक.

एआय चॅटबॉटला जोडीदार केलं, तर दोन गोष्टी आडव्या येतात. पहिल्याच प्रश्नाला तो स्वतःकडची सगळी माहिती ओतून मोकळा होतो, आणि मोडकं वाक्यही समजून घेतो, त्यामुळे ते सुधारायची गरजच उरत नाही. सूचना नेमकी लिहावी लागते: ‘विचारल्याशिवाय सांगू नकोस, एका वेळी एकच वाक्य, प्रश्न अस्पष्ट वाटला तर पुन्हा विचार.’ तरी आठ-दहा वाक्यांनंतर तो पुन्हा ढिला पडतो. तेव्हा तीच सूचना परत द्यायची, नाहीतर नवा संवाद उघडायचा.