आमच्या ३५११ चा क्रँक

एचएमटी म्हटलं की बहुतेकांना मनगटावरचं घड्याळ आठवतं. आमच्या घरात एचएमटी म्हणजे ट्रॅक्टर. आण्णांनी १९९१ साली बँकेचं कर्ज काढून ३५११ आणला. तीन सिलिंडर, पस्तीस एचपी. त्याच्या जिवावर विहीर झाली, दोन बहिणींची लग्नं झाली, माझं शिक्षण झालं. मागच्या वर्षी याच ट्रॅक्टरच्या इंजिनकामात मी महिनाभरात दोनदा फसलो. पहिल्यांदा तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये आणि दुसऱ्यांदा मोबाइलवर. पाऊण लाखाच्या जवळ पैसे गेले. पैसे आज ना उद्या उभे राहतील, पण ट्रॅक्टरचा मूळचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, गेला तो गेलाच. ज्यांच्या दारात जुना ट्रॅक्टर उभा आहे त्यांच्यासाठी सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नव्या लोकांना वाटेल की पार्टसाठी एवढी धावपळ कशाला. एचएमटीने १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन ट्रॅक्टर बनवले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली. आमच्या भागातले डीलर त्याच्या आधीच दुसऱ्या कंपन्यांकडे वळले होते. फिल्टर, गॅस्केट, लायनर-पिस्टन अजून मिळतात, कारण राजकोट-लुधियानाकडचे कारखाने ते बनवतात. पण क्रँक, गिअरबॉक्सचं हाउसिंग, हायड्रॉलिकची बॉडी असला जड माल हवा असेल तर कुणाचा तरी मोडीत निघालेला ट्रॅक्टर शोधावा लागतो. म्हणजे आपल्या इंजिनातला धड क्रँक हा सोन्यासारखा आहे. हे आपल्याला माहीत नसतं, पण गॅरेजवाल्याला पक्कं माहीत असतं.

एप्रिलमध्ये ट्रॅक्टर निळा धूर मारायला लागला. ऑइल खात होता, आणि इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा. आमचं इंजिनकाम वर्षानुवर्षं लातूरचे चाचा करायचे. २००४ साली त्यांनीच क्रँक पहिल्यांदा ग्राइंड करून, म्हणजे मशीनवर घासून, आणला होता. पण चाचांचे गुडघे गेले, त्यांनी गॅरेज बंद केलं. म्हणून मी तालुक्याच्या गावातल्या नव्या गॅरेजला गेलो. मिस्त्री तरुण, बोलायला गोड, शेड मोठी, दारात चार-पाच ट्रॅक्टर उभे. त्याने ऑइल काढून बोटावर चोळून बघितलं आणि म्हणाला, "दादा, फुल इंजिन करावं लागतंय. क्रँकला रेघा पडल्यात. पेरणीआधी देतो, बिनघोर राहा."

तीन जूनला ट्रॅक्टर मिळाला. लायनर-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, क्रँक ग्राइंडिंग, मजुरी धरून अठ्ठावन्न हजार पाचशे. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले. वर ना गॅरेजचं नाव, ना तारीख. "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागतोय दादा, तुमचेच पैसे वाचवतोय," असं म्हणाला. मला ते पटलं. ग्राइंडिंग कुठे केलं विचारलं तर "लातूरला, आपल्या नेहमीच्या लेथवर" एवढंच उत्तर. जुने बेअरिंग, जुने पिस्टन कुठे आहेत विचारलं तर भंगारवाला घेऊन गेला म्हणाला. मी त्यावर एक शब्द बोललो नाही. मृग तोंडावर होता आणि माझं सगळं लक्ष आभाळाकडे होतं.

गावात पंचाहत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस झाल्यावर आम्ही सोयाबीनच्या पेरणीला हात घातला. चौथ्या दिवशी दुपारी इंजिनातून टक-टक-टक आवाज यायला लागला. आधी हलका होता, मग लोड आला की घणासारखा. ऑइलचा काटा पार तळाला. मी जागीच बंद केला. उरलेली सात एकर दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेऊन पेरली, आणि आमचा ट्रॅक्टर पेरणीयंत्रासकट तिथेच बांधाला उभा.

मिस्त्रीला फोन केला. पहिल्या दिवशी येतो म्हणाला, दुसऱ्या दिवशी उचलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुम्ही ऑइल हलकं टाकलं असणार." ऑइल त्यानेच टाकलं होतं.

शेवटी चाचांना घरून गाडीत बसवून आणलं. त्यांनी खाटेवर बसून सांगायचं आणि मी आणि माझ्या भावाने हात काळे करायचे असं ठरलं. ऑइलचा चेंबर खाली उतरवला तर तळाशी चकचकीत कचरा, तांब्याच्या रंगाचा. दुसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडची (पिस्टन आणि क्रँकला जोडणारा दांडा) कॅप सोडली आणि बेअरिंगची अर्धी वाटी हातात आली. तिच्या पाठीला काहीतरी चिकटलं होतं. चाचांनी नखाने सोललं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी. घडी घालून, बेअरिंगच्या मापाने नीट कापून, रॉड आणि बेअरिंगच्या मधे बसवलेली. तिन्ही रॉडला तीच. एका ठिकाणी तर ती सरकून ऑइलच्या भोकावर आली होती.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना सांगतो. क्रँक झिजला की तो घासून बारीक करतात आणि त्याच मापाचं जाड बेअरिंग बसवतात. एक साइज म्हणजे पाव मिलिमीटर, गॅरेजच्या भाषेत दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). कोणत्या साइजचं बेअरिंग आहे ते त्याच्या पाठीवर ठोकलेलं असतं. आमच्या बेअरिंगच्या पाठीवर ०.५० होतं, म्हणजे वीस थाऊ. लेथवाल्याकडून मायक्रोमीटर आणून क्रँक मोजला तर तो तिसऱ्या साइजच्याही खाली गेलेला. एवढ्या बारीक क्रँकला वीस थाऊचं बेअरिंग ढिलं बसणारच, आणि तो ढिलेपणा लपवायला चांदी. पाठीशी असं काही घातलं की बेअरिंग रॉडला घट्ट बसत नाही, त्याची उष्णता बाहेर जात नाही, ऑइल अडतं. चार दिवस चाललं हेच खूप.

पण खरी गोष्ट पुढेच होती. आमचा क्रँक २००४ मध्ये एकदाच, दहा थाऊ घासला होता. यावेळी तो वीसवर जायला हवा होता. हा तीसच्या पलीकडे कसा गेला? चाचांनी चिंधी मागितली आणि क्रँकच्या पुढच्या बाजूची, जिथे काही घासत नाही अशी सपाट जागा पुसायला लावली. मी पुसली. परत पुसायला सांगितली. मग ते स्वतः गुडघे धरत खाली बसले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा आपला नाही रे." चाचा ज्या क्रँकला हात लावतात त्यावर पंचने तीन टिंबं आणि खाली एक आडवी रेघ ठोकतात. इथे काहीच नव्हतं. त्यांनी क्रँक दोरीला टांगायला लावून हातोडीने हलकेच वाजवला. चांगला क्रँक घंटेसारखा घुमतो. हा फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला. म्हणजे आत तडाही असणार.

आण्णा सगळा वेळ दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. "हाच तुमचा क्रँक. दुसरा होता याला पुरावा काय?" असं तो माझ्या तोंडावर म्हणाला. आणि पुरावा खरंच नव्हता. माझ्याकडे एक फोटो नव्हता, बिल नव्हतं, लेथची चिठ्ठी नव्हती, जुनं बेअरिंग नव्हतं. पोलिस ठाण्यात हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, पण त्यांनीही पहिला प्रश्न कागदाचाच विचारला. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, पण सेवा घेतल्याचा आणि पैसे दिल्याचा पुरावा लागतो. मी पैसे रोख दिले होते, कारण रोख दिले तर दोन हजार कमी करतो म्हणाला होता. माझे हात तिथेच बांधले गेले.

आता क्रँक शोधणं आलं. आणि इथे मी दुसऱ्यांदा फसलो. याची मला पहिल्यापेक्षा जास्त चीड येते. मी लातूर, सोलापूर, पुण्यात नाना पेठेपर्यंत फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, "३५११ चा? मिळत नाही." आठ दिवस हे ऐकल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. जो कुणी "आहे" म्हणेल तो देव वाटतो. जुन्या ट्रॅक्टरच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी गरज टाकली आणि अर्ध्या तासात लुधियानाच्या दुकानाचं नाव सांगून फोन आला. क्रँकचा व्हिडिओ आला. शेजारी कागदावर माझं नाव आणि आमच्या गावाचं नाव लिहून ठेवलेलं. त्या कागदानेच माझा विश्वास बसला. बावीस हजार सांगितले, अर्धे आधी. मी अकरा हजार फोनपे केले. संध्याकाळी ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो आणि दुकानाचं बिल आलं. दोन दिवसांनी फोन आला की माल ई-वे बिलाअभावी (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) अडवलाय, चार हजार आठशे भरा, पोहोचल्यावर परत मिळतील. तेही भरले. त्यानंतर नंबर बंद.

माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिने ते बिल हातात घेतलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, "पप्पा, हा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतोय. २७ म्हणजे महाराष्ट्र. पंजाबचा ०३ असतो." जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला तर कुठल्या तरी कापड दुकानाचं नाव आलं. आणि ई-वे बिल पन्नास हजारांच्या वरच्या मालाला लागतं, आणि ते काढायला पैसे पडत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. या तिन्ही गोष्टी पैसे पाठवायच्या आधी घरबसल्या कळल्या असत्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तिसऱ्या दिवशी. तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. असं कुणाच्या बाबतीत घडलं तर लाजेपोटी एक तासही थांबू नका. १९३० ला लगेच फोन लावला तर पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी दोन दिवस घरात कुणाला सांगितलंच नाही, ते दोन दिवस मला नडले.

दिवाळीनंतर चाचांच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून क्रँक मिळाला. धाराशिवकडच्या एका शेतकऱ्याचा ३५११ चेसिस तुटून गोठ्यामागे पडला होता. या वेळी मी मायक्रोमीटर घेऊन लेथवाल्यालाच सोबत नेलं. क्रँक दहा थाऊचा निघाला. टांगून वाजवला, घुमला. पैसे तिथेच, ऑनलाइन दिले आणि साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. ग्राइंडिंगच्या दिवशी मी सकाळी नऊपासून लेथसमोर स्टूल टाकून बसलो. प्रत्येक जर्नलचं, म्हणजे क्रँकवर बेअरिंग बसतं त्या भागाचं, माप चिठ्ठीवर लिहून घेतलं. बेअरिंगचा खोका माझ्या हाताने फोडला, पाठीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून बघितला आणि मगच बसवू दिलं. लेथवाला आधी वैतागला, म्हणाला, "विश्वास नाही का?" मी त्याला चांदीची गोष्ट सांगितली. मग त्यानेच मला चहा सांगितला.

गावात आता कुणाचंही इंजिन उघडायचं असलं की मी सोबत जातो. पंच आणि हातोडी पिशवीत असते. इंजिन नंबर, क्रँक, पंप, हेड या सगळ्यांवर खूण करून मिस्त्रीच्या देखत फोटो काढायचे. डिझेल पंप दुरुस्तीला जाणार असेल तर आपण स्वतः घेऊन जायचं, कारण पंपातले डिझेल दाबून पाठवणारे चांगले एलिमेंट काढून घेणं क्रँक बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. निघालेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात भरून घरी आणायचा, भंगारात विकायचा तर आपण विकायचा. जो मिस्त्री प्रामाणिक आहे तो याला नाही म्हणत नाही. दोघांनी तर उलट "बरं झालं, नंतर वाद नको" असंच म्हटलं.

आमचा मूळ क्रँक अजून कुठेतरी आहे. कुणाच्या तरी इंजिनात फिरत असेल, नाहीतर एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकाची वाट बघत ऑइल लावून पडला असेल. लातूर, धाराशिव, बीड भागात कुणी ३५११ चं इंजिन उघडलं, तर क्रँकची पुढची सपाट बाजू चिंधीने नीट पुसून बघा. पंचची तीन टिंबं आणि खाली एक आडवी रेघ दिसली, तर तो कुणाकडून आणि कधी घेतला एवढं मला कळवा. विकत घेणाऱ्याशी माझं काही भांडण नाही.