अठरानंतर कुठे? नागपुरातली कर्मशाळा, शनिवारचा गट आणि निवासी संस्था

विशेष शाळेतून नाव कमी झालं की घरात प्रश्न उभा राहतो: आता दिवसभर करायचं काय? पालकसभेत याची तीन-चार उत्तरं मिळतात आणि जो तो आपल्या उत्तराची बाजू हिरिरीने मांडतो. माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, आता तिशी ओलांडलेला. त्यामुळे हा आढावा मुख्यतः बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांच्या घरांसाठी.

दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा अस्थिव्यंग प्रौढांचा प्रश्न बहुतेकदा वेगळा असतो. त्यांना सांभाळणारं कुणी नको असतं, काम हवं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या आहेत. दक्षिण अंबाझरी मार्गावरची ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आणि २००८ मध्ये नागपुरातूनच सुरू झालेली ‘सक्षम’ ही दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था, ही त्यांच्यासाठी पहिली चौकशी करायची ठिकाणं. इथे त्याहून खोलात जात नाही.

आता कर्मशाळा, म्हणजे प्रौढ दिव्यांगांना दिवसभर हाताचं काम देणारी जागा. सकाळी जायचं, डबा तिथेच खायचा, चारच्या सुमारास परत यायचं. पाकिटं, फायली, पणत्या, राख्या, द्रोण असं काम. मानधन मिळतं ते नावापुरतं, त्यावर हिशेब मांडू नका. पण सकाळी अंघोळ करून, बॅग घेऊन बाहेर पडायचं कारण मिळतं, आणि आईला घरातले पाच तास मोकळे मिळतात. हे दोन फायदे बाकी कुठल्याच पर्यायात एकत्र मिळत नाहीत.

मात्र कर्मशाळा पाहायला दिवाळीच्या प्रदर्शनाला जाऊ नका. तेव्हा सगळीकडेच लगबग असते. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, न कळवता जा. पणत्यांचा हंगाम संपलेला, राख्यांचा लागायचा असतो. त्या दिवशी मंडळी हाताने काही करत असतील तर जागा चांगली. टीव्हीसमोर ओळीने बसवलेली दिसली तर चहा घेऊन निघून या. जाताना हे विचारा: फिट आली तर गोळी कोण देतं? शौचाला मदत लागली तर कोण नेतं, आणि मुलींसाठी बाई आहे का? उन्हाळ्यात किती दिवस बंद? नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत घरात कोंडलेला तगडा माणूस सांभाळणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

अंतराचा विचार फीच्या आधी करा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नावाजलेल्या कर्मशाळेपेक्षा वीस मिनिटांवरची साधी कर्मशाळा मी निवडेन. महिन्याचं व्हॅनचं भाडं कधी कधी फीपेक्षा जास्त निघतं. मेट्रोत लिफ्ट आहे, व्हीलचेअरला जागा आहे, सीताबर्डीला मार्ग बदलता येतो. पण स्टेशनापासून दारापर्यंत ऑटोच करावा लागतो. तोच ऑटोवाला रोज यायला तयार असेल तर निम्मं काम झालं.

शनिवार-रविवारचे गट पालकांनीच चालवलेले असतात. नाच, क्रिकेट, बागेत फिरणं, सगळ्यांनी मिळून तर्री-पोहे. खर्च किरकोळ, वेळ दोन-तीन तास. आईच्या रोजच्या कामाचा भार यातून काडीइतकाही हलका होत नाही, उलट तिलाच सोबत जावं लागतं. तरीही हा पर्याय मी वरवरचा मानत नाही, कारण कर्मशाळेत शेजारी बसणारा असतो आणि इथे मित्र होतो. गट निवडताना एवढंच बघा की पुढच्या वेळी कुठे जायचं हे आया ठरवतात की ती प्रौढ मंडळी स्वतः. आया ठरवत असतील तर ती आयांची भिशी झाली!

धंतोलीत यशवंत स्टेडियमला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. रोज जाऊन बसायची ती जागा नव्हे. तपासणी, थेरपी, साहाय्यक साधनं, समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण यांसाठी तिकडे जायचं.

निवासी संस्था म्हटलं की नागपूरकराच्या तोंडी आधी वरोऱ्याचं आनंदवन येतं. बाबा आमटे यांनी ते १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभं केलं, दिव्यांगांचं प्रशिक्षण नंतर आलं. मोठं नाव ऐकून जागा गृहीत धरू नका. प्रौढ बौद्धिक दिव्यांगांना आयुष्यभर ठेवणाऱ्या जागा विदर्भात कमीच आहेत. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांगांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर अशा मुलांना अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर काढू नका म्हणून वर्षानुवर्षं भांडत आले, ते उगाच नाही. निवासी जागा दिवसा पाहून कळत नाही. रात्री किती माणसं जागी असतात, आपण कधीही जाऊन भेटू शकतो का, ठेव परत मिळते का, हे लेखी घ्या.

माझा कौल: घराजवळची कर्मशाळा, जोडीला शनिवारचा गट. निवासी संस्थेत आई-बाबा हिंडतेफिरते असतानाच आठ-पंधरा दिवस राहून बघायचं. त्यांच्या पश्चात एकदम नेऊन सोडणं क्रूर आहे. ज्याला वारंवार फिट येतात किंवा खाण्यापासून सगळ्याला मदत लागते, त्याला मात्र बऱ्याच कर्मशाळा घेतच नाहीत. तिथे घरी मदतनीस आणि फिजिओथेरपी यांवरच पैसा लावा.

काहीही निवडा, कागद सारखेच लागतात. अठरानंतर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. वडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्याचं नाव वडिलांच्या हयातीतच नोंदवून घ्या. आणि पालक म्हणून भावंडाचं नाव घालणार असाल तर आधी त्याला विचारा. वहिनीलाही.