समुद्र गरुड बघायचाय तर ह्याच होमस्टेला जा, पण घरट्याखाली नेतील ही अपेक्षा ठेवू नका

पाच स्टार देतेय आणि विचार करून देतेय. रूम, जेवण, समुद्र किती लांब वगैरे बरंच लिहिता येईल, पण मला मुख्य सांगायचंय ते ह्यांच्या सकाळच्या गरुडाच्या फेरीबद्दल. होमस्टे चालवणाऱ्या काकांनीच सांगितलं की बरेच जण ह्याच फेरीवरून नाराज होऊन जातात, एवढे पैसे भरले आणि घरटं खाडीच्या पलीकडून दाखवलं, मोबाईलमध्ये फोटोसुद्धा येत नाही म्हणून. मला तर नेमकं तेच आवडलं.

दापोली तालुक्यातलं खाडीच्या तोंडावरचं गाव आहे, हर्णै-अंजर्ल्याच्या पट्ट्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, बुकिंग झालं की पत्ता मिळतोच, आणि घरटं कुठल्या वाडीत आहे हे तर तिथे गेल्यावरही कोणाला सांगू नका, लोकेशन टाकू नका, तशी ते विनंती करतात आणि ती पाळायलाच हवी.

आम्ही जानेवारीत गेलो, मी, नवरा, मुलगी आणि सासरे. पहाटे काळोखातच उठवतात, कोरा चहा हातात देतात, नाश्ता परत आल्यावर. मग बॅटरी घेऊन जांभ्याच्या पायवाटेने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर चढायचं, चढ फार नाहीये पण दगड सुटे आहेत, सासऱ्यांना हात धरून न्यावं लागलं. वर पोचल्यावर काका ट्रायपॉडवर स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण लावतात आणि सगळ्यांना गप्प बसवतात. अजून नीट दिसत पण नव्हतं तेव्हाच पलीकडून आवाज सुरू झाला, बदकासारखा नाकातला मोठा आवाज, आधी एक मग लगेच दुसरा, नर-मादी दोघं मिळून ओरडतात, अख्ख्या खाडीभर घुमतं ते. मग उजाडलं आणि स्कोपमध्ये एकेकाने डोळा लावला. पलीकडच्या काठावर एक जुना रायवळ आंबा आहे, त्याच्या वरच्या बेचक्यात घरटं, बैलगाडीभर सरपण कोणीतरी नेऊन रचून ठेवावं एवढं मोठं! काका म्हणाले जोडी तीच असते, दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या घालत जाते म्हणून ते वाढत वाढत इतकं झालंय. आत पिल्लू होतं एक, तपकिरी, मान वर करून बसलेलं.

आईबापांचा रंग वेगळाच, डोकं आणि पोट पांढरं शुभ्र, पाठ राखाडी, पंखांच्या कडा काळ्या, पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास. घार तर आपण रोज बघतो पण हा पक्षी उडताना पंख इंग्रजी व्ही सारखे वर उचलून धरतो, शेपूट पाचरीसारखी, एकदा बघितलं की परत चुकत नाही. नर पलीकडच्या सुरूच्या शेंड्यावरून निघाला, पाण्याला लागून आला आणि पाय खाली सोडून मासा उचलून घेऊन गेला, डोकं सुद्धा भिजलं नाही. मुलगी नंतर दिवसभर तेच सांगत होती सगळ्यांना.

आता अंतराचं. घरट्यापासून आपण अर्ध्या किलोमीटरहून लांब बसतो आणि मधे खाडी असते. मी काकांना विचारलं की थोडं जवळ का नेत नाही, झाडावर तर चढायचं नाहीये कोणाला. ते म्हणाले "ताई, आपण खाली उभे राहिलो की मादी उठते. ती उठली की पिल्लू उन्हात आणि कावळे टपलेलेच असतात." ह्या गरुडाची अंडी असतात बहुतेक दोनच, सहाएक आठवडे उबवायची, पिल्लू उडायला पुढे आणखी अडीच महिने, आणि तेही बऱ्याचदा एकच जगतं. मोठं होऊन रंग पांढरा यायला चारपाच वर्षं. म्हणजे एका जोडीचं एक वर्ष फुकट गेलं तर ते सहज भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात हाच पक्षी धोक्यातल्या यादीत आहे आणि तिथे घरट्याभोवती वीण चालू असताना ५०० मीटरच्या आत झाडतोड वगैरे कामं करत नाहीत, घरट्यावरून नजर पोचत असेल तर एक किलोमीटरच्या आत नाही. काकांनी त्यातला ५०० मीटरचा नियम वाचून स्वतःच्या फेरीला लावलाय, कोणी सांगितलेलं नसताना. ड्रोनला पूर्ण बंदी, आणि पक्ष्यांचा आवाज मोबाईलवर वाजवून त्यांना बोलवायचं हे पण चालत नाही. फोटोवाले असाल तर मोठी लेन्स आणा, नाहीतर स्कोपमधून बघा आणि लक्षात ठेवा.

ह्याच पट्ट्यात आम्ही आधी एका बोटवाल्याकडे गेलेलो, नाव घेत नाही. त्याने डबा भरून कोंबडीची आतडी आणलेली, ती पाण्यात फेकायची की घारी आणि कधीतरी गरुड पण खाली येतात आणि लोक व्हिडिओ काढतात. मला ते बघूनच कसंतरी झालं. मलेशियात लंकावीला हे वर्षानुवर्षं चाललंय, टुरिस्टच्या बोटी कोंबडीची कातडी फेकतात आणि तिथले गरुड, घारी त्यावर तुटून पडतात. मासा धरून खाणाऱ्या पक्ष्याला चरबीची कातडी घालायची, पिल्लांनाही तेच भरवलं जाणार, आणि वर बोट दिसली की खायला मिळतं ही सवय. कोकणात हे पसरू नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांना असली बोट ऑफर होईल त्यांनी सरळ नाही म्हणा, पैसे जास्त द्यावे लागले तरी अशा काकांसारख्या लोकांकडे जा.

पैशाचं पण लिहिते. फेरीचे माणशी ७०० घेतात, मुलांना अर्धे. त्यातला ठराविक हिस्सा आंब्याच्या मालकाला जातो आणि हे काका उघड सांगतात. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. कोकणात ही मोठी झाडं सरकारी जंगलात नसतात हो, लोकांच्या मालकीच्या वाडीत, घराच्या परड्यात असतात. गरुडाने वर घर केलं की खाली काय पडतं माहितीये का? माशांची डोकी, काटे, समुद्रसापांचे तुकडे, विष्ठा. ह्या पक्ष्याला समुद्रसाप फार आवडतो. विहीर जवळ असेल, पोरं खेळत असतील तर घरमालक वैतागणारच, फांदी छाटली किंवा झाडच विकलं लाकूडवाल्याला तर त्याला नुसता दोष देऊन काय उपयोग. रायवळ आंब्याला भाव नाही, हापूसला आहे. मग त्या झाडाने मालकाला वर्षाला काहीतरी दिलं तर ते उभं राहतं, साधा हिशोब आहे. वन्यजीव कायद्यात हा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर वाघाएवढं संरक्षण, पण घरट्याचं झाड रोज ज्याच्या डोळ्यासमोर असतं त्याला ते हवंसं वाटलं पाहिजे ना.

२०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा ह्या भागात किती झाडं गेली ते सगळ्यांना माहितीये. ह्याच जोडीचं आधीचं झाड त्यात मुळासकट पडलं. मग ते ह्या आंब्यावर आले. आता काका आणि शेजारची दोन घरं मिळून वड, उंडी, सातवीण, रायवळ लावतायत, कारण गरुडाला उंच, जाड फांद्यांचं, चारी बाजूंनी मोकळं झाड लागतं आणि आज लावलेलं झाड तसं व्हायला एक पिढी जाते. रोपांना पाणी घालायला आम्हाला पण बोलावलं होतं, मुलीने घातलं. हे सगळं करायला ते कोणाची वाट बघत बसले नाहीत हे मला फार मोठं वाटलं.

संध्याकाळी पडवीत प्रोजेक्टर लावून तासभर गप्पा असतात, ह्या अजिबात चुकवू नका, झोप आली तरी बसा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळास गावात समुद्री कासवं वाचवायचं काम केलं आणि त्यातून गावात घरगुती राहायची सोय उभी राहिली हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्याच संस्थेने कोकण किनाऱ्यावर समुद्र गरुडाची घरटी पण शोधून नोंदवली होती हे मला इथे कळलं. मग त्यांनी स्पेनचं दाखवलं. तिथला इम्पीरियल ईगल नावाचा गरुड १९७०च्या दशकात पन्नासच्या आसपास जोड्यांवर आला होता. कारण काय तर त्याचं मुख्य खाणं ससा, आणि सशांमध्ये आधी १९५०च्या दशकात एक साथ आली, ससेच संपत आले, पुढे १९८०च्या शेवटी दुसरी साथ आली. वर विजेच्या खांबांवर बसून शॉक लागून मरायचे, विषाची आमिषं खाऊन मरायचे. मग लोकांनी काय केलं, खांबांची रचना बदलली, सशांसाठी झुडपं, बिळं करून दिली, कुठे ससे आणून सोडले, जमीनमालकांशी करार केले. २०२२च्या गणतीत स्पेन आणि पोर्तुगाल मिळून ८००च्या वर जोड्या. सासरे एकदम म्हणाले "म्हणजे गरुड वाचवायचा तर ससा वाचवायचा", आणि काका म्हणाले "आपल्याकडे मासा!"

इथून पुढे गप्पा माशांवर गेल्या आणि त्या सगळ्यात जास्त रंगल्या, शेजारचे एक खारवी, म्हणजे मासेमारी करणारे दादा पण येऊन बसलेले. पिल्लू घरट्यात असतं ते साधारण डिसेंबर ते मार्च, म्हणजे त्याच दिवसांत आईबापांना जवळपास, खाडीत आणि किनाऱ्यालगत मासा मिळायला हवा, ते काही ट्रॉलरच्या मागे खोल समुद्रात जात नाहीत. दादा एलईडीच्या बोटींबद्दल बोलले, रात्री दिवे लावून मासा गोळा करतात आणि लहान-मोठं सगळं उचलतात. केंद्राने २०१७ मध्येच अशी मासेमारी बंद केलीये, पर्ससीनवर, म्हणजे मोठं जाळं गोल टाकून अख्खा थवा उचलायच्या मासेमारीवर, राज्याचे निर्बंध २०१६ पासून आहेत, पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते. कायदे आहेत पण दादांच्या तोंडून ऐकलं की किनाऱ्याच्या माणसाला आणि गरुडाला एकाच गोष्टीचा फटका बसतो हे पटतं. खाडीतले बोय, शेवटं असे मासे, खेकडे हे सगळं कांदळवनात वाढतं. उच्च न्यायालयाने २००५ मध्येच कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या आत भराव, बांधकाम करायला मनाई केलीये, तरी भराव टाकणारे असतातच. इथल्या खाडीच्या दोन्ही काठांना तिवर, म्हणजे कांदळवनाची झाडं, अजून दाट आहेत, आणि दादांचं म्हणणं की गरुड इथेच टिकला त्याचं कारण ते.

धोक्यातल्या प्रजातींच्या जगाच्या यादीत (आययूसीएनच्या) हा पक्षी अजून धोक्याबाहेर दाखवलाय पण संख्या घटतेय असंही तिथेच नोंदवलंय, आणि किनाऱ्यावरच्या एकेका गावाच्या हिशोबाने बघितलं तर एक जोडी म्हणजे गावाचा सगळा गरुड. ती गेली तर त्या खाडीत शून्य.

जेवणाचं आता. काकी स्वतः करतात. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांची एकशिपी, तांदळाची भाकरी, सोलकढी, सगळंच अप्रतिम. पण पापलेट मागितलं तर मिळेलच असं नाही, कारण छोटं पापलेट त्या घेत नाहीत, कोणी कितीही आग्रह केला तरी. पापलेट २०२३ पासून आपला राज्य मासा आहे आणि बाजारात तळहातापेक्षा लहान पिल्लं विकली जातात, अंडी घालायच्या आत पकडलेली. काकी हर्णैच्या लिलावावर जाऊन मोठा मासा मिळाला तरच आणतात. आमच्या वेळी मिळाला नाही, आम्ही बांगडा खाल्ला आणि मजेत खाल्ला. मला तर ताटातसुद्धा त्याच विचाराने वागणारी माणसं भेटली ह्याचंच बरं वाटलं. शाकाहारींना फणसाची भाजी, वालाचं बिरडं मिळतं, आदल्या दिवशी सांगून ठेवा.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. स्कोप एकच आहे, आठदहा माणसं असली की नंबर लावावा लागतो आणि नेमकं गरुड घरट्यावर उतरला तेव्हा दुसऱ्याचा डोळा असतो. निदान दुर्बिणी तरी तीनचार ठेवा काका, भाडं घ्या हवं तर. सड्यावर बसायला सावली नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या वर नेऊन ठेवल्या तर फार बरं होईल. फोन लागत नाही, व्हॉट्सअॅपवर उत्तर रात्रीच येतं, त्यामुळे बुकिंग पक्कं झालंय की नाही ह्यात आमचे बरेच दिवस टेन्शनमध्ये गेले. गरम पाणी सोलरवर, सकाळच्या फेरीच्या आधी अंघोळ करायची असेल तर थंड पाण्यानेच. डास आहेत, मच्छरदाणी देतात.

एक नियम आधीच समजून घ्या. अंडी उबवायच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या आसपास, फेरी पूर्ण बंद असते, रूम मिळते पण सड्यावर नेत नाहीत. पिल्लू फार लहान असताना पण काका स्वतः बघून ठरवतात, त्या सकाळी मादी अस्वस्थ वाटली तर सगळ्यांना परत आणतात आणि फेरीचे पैसे परत देतात, वाद घालू नका. गरुडासाठीच जाणार असाल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी घ्या, शनिवार-रविवार टाळा, आणि पायात चप्पल नको, बूट घाला.