सोलापुरी चादर: वजन करा, धागा ओढा, मग पैसे द्या

सोलापूर बघायला आलेली मंडळी भुईकोट किल्ला, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ आणि इंद्रभुवनाची इमारत बघतात आणि परतताना स्टेशनच्या वाटेवर एक चादर घेतात. फसगत होते ती इथे. सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरच्या मागावर विणलेली नसते. पानिपतचा स्वस्त माल याच नावाने खपवला जातो, ही इथल्या विणकरांची जुनी तक्रार आहे. भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली, तरी दुकानात पारख शेवटी आपल्यालाच करावी लागते.

खरी जेकार्ड चादर, म्हणजे मागावर बसवलेल्या जेकार्ड नावाच्या नक्षी-यंत्रणेने विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येते. तिची नक्षी छापलेली नसते, विणीतूनच येते. मागाच्या माथ्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. आडव्या धाग्याच्या एकेका फेऱ्याला एक पट्टी पुढे येते. जिथे भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि हुकाला बांधलेला उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. मोर, वेलबुट्टी, काठावर विणलेलं कारखान्याचं नाव, सगळं या भोकांचंच काम. त्यामुळे वरच्या बाजूला मरून रंगावर पांढरा मोर असेल, तर उलट्या बाजूला पांढऱ्यावर मरून मोर दिसतो. दुकानदाराने घडी उलगडली की आधी चादर उलटी करा. मागची बाजू फिकट, पुसट किंवा कोरी दिसली तर पुढची तपासणी करायची गरजच नाही.

मग वजन. सिंगलचं रूढ माप ६० बाय ९० इंच. या मापाची सव्वा किलोच्या आत भरणारी चादर आम्ही अंगावर घ्यायला घेणार नाही, पलंगावर अंथरायला ठीक आहे. दोन दुकानांच्या भावांची तुलनासुद्धा नगावर न करता किलोमागे करा, म्हणजे 'ऑफर' किती खरी ते लगेच कळतं. पण नुसत्या वजनावर भुलू नका. खळ भरपूर दिली की हलकी चादरही कडक आणि भारदस्त लागते आणि दोन धुण्यांत तिचा सगळा रुबाब उतरतो. चादरीचा कोपरा दोन्ही तळव्यांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग एकदम लुळा पडला तर तुम्ही खळीचे पैसे मोजताय.

धाग्याची पारख सगळ्यात महत्त्वाची. दशीतला किंवा कापलेल्या कडेचा एक धागा मागून घ्या. धाग्याचा नंबर जितका कमी तितका धागा जाड, कारण ८४० यार्डांच्या किती लडी एका पौंडात बसतात त्यावरून नंबर ठरतो. २/२० म्हणजे २० नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, जाडीला साधारण १० नंबरच्या एकेरी धाग्याएवढे. पीळ उलटा सोडला की दोन पदर वेगळे होतात. दुपदरी धागा ओढला तर चटकन तुटत नाही. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून काढलेल्या सुताचे तंतू आखूड असतात, म्हणून ते हलक्या झटक्याला सुटतं आणि त्यात भलत्याच रंगांचे ठिपके दिसतात. शंका राहिली तर दुकानाबाहेर जाऊन धागा पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक गोळी धरतं.

खरेदी पूर्व भागात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. अशोक चौकापासून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीपर्यंत कारखानदारांची स्वतःची विक्रीकेंद्रं सापडतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा हा भाग. रस्त्यावर तेलुगू कानावर पडते आणि आतून मागांची खडखड. शहराचा गिरण्यांचा काळ १८७७ च्या जुन्या मिलपासून सुरू झाला. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत याच गिरणी कामगारांचं शहर पेटून उठलं होतं. त्या लढ्यातल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली; चार हुतात्म्यांचे पुतळे शहरात आहेत, ते बघितल्याशिवाय जाऊ नका. त्या गिरण्या बंद पडल्या. कापडाचं काम हलतं राहिलं ते यंत्रमागांवर, आणि तिथेही पुष्कळ माग आता चादर सोडून टॉवेलकडे वळले आहेत. म्हणून चांगली जड चादर दिसली की घासाघीस फार ताणू नये. रास्त भाव मिळाला नाही तर उद्या ती विणायला कोणी उरणार नाही.

आता तिच्या उणिवा. गडद मरून आणि निळा पहिल्या धुण्यांत रंग सोडू शकतात. ओला पांढरा रुमाल चादरीवर घासून बघा. डाग ठळक उठला तर रंग कच्चा आहे. मिठाच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होतो हा समज चुकीचा आहे. पहिल्यांदा थंड पाण्यात एकटीच भिजवा आणि वरवर सुटलेला रंग निघून जाऊ द्या. लांबीत दोन ते चार इंच आटते, तेवढं माप धरूनच घ्या. भिजल्यावर वजन कितीतरी वाढतं. मशीनमध्ये इतर कपड्यांबरोबर टाकली तर सगळा भार एका बाजूला जातो आणि पिळताना मशीन हादरतं. वाळवताना दोन दोऱ्यांवर पसरा, सावलीत. एका दोरीवर टाकली की मधोमध ताण पडून आकार बिघडतो.

दुसरी अडचण नक्षीतल्या लांब सुट्या धाग्यांची. बायकांच्या पायातली जोडवी नेमकी त्यांत अडकतात आणि धागा वर येतो. तो ओढू नका, ओढला की शेजारची वीण आवळते आणि तिथे चुणी राहते. जाड सुईने उलट बाजूला काढून घ्या. तुटलाच असेल तर बारीक कात्रीने टोक कापा. घेतानाच बोटाच्या पेरापेक्षा लांब सुटे धागे असलेली नक्षी टाळावी. बारीक चौकडा किंवा दाट वेल जास्त टिकते, मोठा मोर दिसायला देखणा.

उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीला ही एकटी पुरणार नाही. मिंक ब्लँकेट तिच्यापेक्षा उबदार असतं, त्यात वाद नाही. पण सोलापूर, पुण्याच्या थंडीला अंगावर एक चादर भरपूर होते, घाम साचत नाही आणि दर धुण्याला ती मऊ होत जाते. तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायला फार जड. म्हाताऱ्या माणसांसाठी डबलऐवजी सिंगल घ्या, घडी घालायला आणि झटकायला जमते.